फॉन्ट निवडण्याआधी थांबा: 'मंगल' घडवणाऱ्या र. कृ. जोशींकडून आपल्या पाटीसाठी पाच धडे



ट्रेनिंगमध्ये डिझाईनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, लोगो कोणत्या ॲपवर करू?" महाडचा बॅच असो की पोलादपूरचा, बचत गटाच्या ताई असोत की नुकतं कॉलेज संपवलेला मुलगा, प्रश्न हाच. माझं उत्तरही ठरलेलं आहे. ॲप सगळ्यात शेवटी. त्याआधी चार-पाच गोष्टी ठरवायच्या असतात आणि त्या ठरल्या की ॲपचं काम तासाभराचं असतं. त्या ठरल्या नाहीत तर महिनाभर टेम्प्लेट बदलत बसाल.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून या लेखात एका डिझायनरची कामाची पद्धत उलगडून सांगते. त्याचं काम तुम्ही शंभर टक्के पाहिलंय, नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेलं नसतं.

तुम्ही ओळखत नाही असा ओळखीचा माणूस

सेतू केंद्रात कधी मराठी अर्ज टाईप करून घेतलाय? सरकारी पत्रक वाचलंय? विंडोजवर मराठी लिहायला घेतलं की वर्षानुवर्षं जे अक्षर आपोआप यायचं, त्या फॉन्टचं नाव 'मंगल'. तो आला विंडोज २००० सोबत आणि तो घडवला र. कृ. म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी यांनी.

र. कृं.चा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे.मध्ये कलाशिक्षण झालं. नंतर दोन दशकांहून जास्त काळ त्यांनी 'उल्का' या जाहिरात संस्थेत कला दिग्दर्शक म्हणून काम केलं. म्हणजे माल विकणं काय असतं, गिऱ्हाईक थांबतं कशाने, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुढे ते आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरमध्ये प्राध्यापक झाले. तिथून निवृत्त झाल्यावर जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेत (तीच पुढे सी-डॅक मुंबई झाली) भारतीय लिप्यांचे फॉन्ट घडवायचं काम त्यांनी हाती घेतलं. २००८ मध्ये ते गेले. याशिवाय ते मराठी कवी होते, आणि कवितासुद्धा अशी की अक्षरं कागदावर कशी मांडली आहेत यातच तिचा अर्थ असायचा.

आता हा क्रम बघा. जाहिरात, मग शिकवणं, मग संगणक. आयुष्याचा मोठा भाग शाई, बोरू आणि कागदावर गेला आणि डिजिटल काम नंतर आलं. तरीही देशभरच्या कॉम्प्युटरवर जाईल असं काम त्यांच्या हातून झालं. त्यांच्या या प्रवासातून धंदेवाल्याने उचलण्यासारख्या पाच गोष्टी मला दिसतात.

धडा १: नाव आधी कानाने तपासा

र. कृं.च्या कामात अक्षर आणि आवाज ही जोडी सारखी दिसते. कवी असल्यामुळे शब्द त्यांच्यासाठी आधी बोलायची गोष्ट होती, मग लिहायची. आयुष्याच्या उत्तरार्धात वैदिक पठणातल्या स्वरांच्या खुणांना संगणकात नीट जागा मिळावी, यासाठीही त्यांनी काम केलं. आवाजातला बारीकसा चढउतारसुद्धा अक्षरात दिसायला हवा, इतका बारकावा त्यामागे होता.

आपल्याला एवढं खोल जायची गरज नाही. आपली परीक्षा सोपी आहे. समजा, तुम्ही पोलादपूरजवळच्या गावात कुळथाचं पीठ, नाचणीचं सत्त्व, कोकम असा माल करताय. ब्रँडचं नाव ठरलंय. आता ते नाव फोनवरून पाच जणांना एकदाच सांगा आणि म्हणा, "लिहून व्हॉट्सॲप करा." पाचपैकी चार जणांनी बरोबर लिहिलं तर नाव चाललं. प्रत्येकाने वेगळं लिहिलं तर गूगलवर तुम्हाला शोधतानाही गिऱ्हाईक तसंच वेगवेगळं लिहिणार आणि तुम्ही सापडणार नाही. नाव बदलायला आज शून्य खर्च आहे. पाटी लागल्यावर, लेबल छापल्यावर आणि परवान्यावर नाव चढल्यावर तोच खर्च हजारोंत जातो.

धडा २: आधी हात, मग माऊस

देवनागरी अक्षराचं वळण बोरूतून आलंय. बोरूच्या टोकाला तिरका छेद देतात आणि रेघ कुठे जाड, कुठे बारीक येणार हे तो छेद ठरवतो. इंग्रजीच्या पेनाचा तिरका छेद आणि देवनागरीच्या बोरूचा छेद एकमेकांच्या उलट दिशेला असतात. त्यामुळे इंग्रजी फॉन्टची स्टाईल उचलून जशीच्या तशी मराठीवर लादली की काहीतरी खटकतं. काय खटकतं ते गिऱ्हाईकाला सांगता येत नाही, पण 'हे आपलं वाटत नाही' हे त्याला जाणवतं.

र. कृ. हे वळण हाताने शिकून संगणकाकडे आले होते. हल्लीचे चांगले डिझायनरही सुरुवात कागदावरच करतात. कारण सरळ आहे. स्क्रीनवर पहिलंच डिझाईन इतकं साफसुथरं दिसतं की आपण तिथेच थांबतो. कागदावरचं पहिलं चित्र ओबडधोबड असतं, म्हणून आपण दुसरं काढतो, तिसरं काढतो, आणि चांगलं काहीतरी सातव्या-आठव्याला सापडतं.

तुमचा गृहपाठ असा. एका कोऱ्या पानावर दहा चौकोन आखा. प्रत्येकात दुकानाचं नाव वेगळ्या पद्धतीने लिहा. एका ओळीत, दोन ओळींत, ठळक, बारीक, गोलसर, टोकदार. चित्रकला येत नसली तरी चालेल. त्यातले दोन निवडून डिझायनरला दाखवा. "काहीतरी छान करा" असं सांगण्यापेक्षा हे पान त्याच्या शंभरपट उपयोगाचं.

प्रेरणा शोधायची कुठे?

बहुतेक जण प्रेरणा म्हणून मोबाईलवर दुसऱ्याचे लोगो बघतात. त्यातून दुसऱ्यासारखाच लोगो तयार होतो. अनुभवी डिझायनर आजूबाजूला बघतात, आणि मालाच्या स्वभावाशी अक्षराचा स्वभाव जुळवतात.

उदाहरण म्हणून मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट करणाऱ्या गटाचं काम बघा. त्यांचा 'मोदक' नावाचा देवनागरी फॉन्ट आहे, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. नावासारखाच गुबगुबीत. अक्षरं इतकी भरलेली की मधली पोकळी चिमटीएवढी उरते. लहान मुलांच्या खाऊला, मिठाईला, सणाच्या जाहिरातीला मस्त शोभतो. पण त्याच फॉन्टमध्ये औषधाच्या दुकानाचा पत्ता लिहिला तर वाचताना दमछाक होईल. अक्षर वाईट नाही, जागा चुकली.

दुसरं उदाहरण कमल शेडगे यांचं. २०२० मध्ये ते गेले. मराठी नाटकांची आणि मासिकांची शेकडो शीर्षकं त्यांनी हाताने केली. नाटक विनोदी की गंभीर हे शीर्षकाच्या अक्षरावरून समजावं, असं ते काम. आपल्या पाटीचंही तेच आहे. आत भाकरी मिळते की मोबाईल दुरुस्ती होते, याचा अंदाज अक्षरानेच यायला हवा.

आपल्याकडे बघण्यासारखं कमी आहे का? महाडच्या बाजारपेठेतल्या जुन्या रंगवलेल्या पाट्या, एसटीच्या बोर्डावरची गावांची नावं, गांधारपाल्याच्या लेण्यांमधल्या दगडाचा रंग, सावित्रीकाठचा पावसाळी हिरवा, वाळत घातलेल्या आमसुलांचा जांभळट लाल. फोनमध्ये 'डिझाईन' नावाचा फोल्डर करा आणि आठवडाभर रोज तीन फोटो टाका. रंग निवडायची वेळ येईल तेव्हा हा फोल्डर उघडा.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. आपण रायगडाच्या पायथ्याशी राहतो, त्यामुळे छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र किंवा नाव लेबलवर टाकायची इच्छा खूप जणांना होते. भावना समजू शकते. पण १९५० च्या बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी त्यांचा वापर करायला या कायद्याने बंदी आहे. शिवाय पाचाड-हिरकणीवाडीच्या रस्त्यावर दहा दुकानांवर सारखीच चित्रं असतील तर तुमचं दुकान लक्षात कसं राहणार? महाराजांना वंदन दुकानात करा, लेबलवर तुमच्या मालाची ओळख द्या.

धडा ३: मर्यादा आधी मांडा

माझ्या मते पाच धड्यांत हा सगळ्यात महत्त्वाचा.

'मंगल' आला तेव्हाचे स्क्रीन आठवा. जाडजूड डब्बा आणि ठिपकेही मोजकेच. त्यात देवनागरी बसवायची म्हणजे कठीण काम. इंग्रजी अक्षर एका पट्टीत बसतं. मराठीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक जोडलेली अक्षरं. उपलब्ध उंचीतला मोठा हिस्सा वर-खालीच जातो आणि मूळ अक्षराला जे उरतं त्यात 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' वेगळे दिसले पाहिजेत. म्हणून मंगलची अक्षरं साधी, मोकळ्या पोटाची आणि सारख्या जाडीकडे झुकणारी आहेत. त्याच्या दोन ओळींत अंतर जास्त का वाटतं, याचं उत्तरही हेच. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांवर आदळू नयेत. काही जणांना मंगल दिसायला साधा वाटतो. पण त्याचं काम नटून बसायचं नव्हतं. लहान आकारात, कमी ठिपक्यांत, कोणाच्याही कॉम्प्युटरवर वाचता यायचं होतं.

आता तुमच्या मर्यादा लिहून काढा. तीन प्रकारच्या असतात.

*पहिली, अंतराची.* तुमचं दुकान मुंबई-गोवा महामार्गावर आहे असं धरा. गाडी ताशी ६० किमी वेगाने येतेय, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर. पाटी वाचून गाडी हळू करायला तीन सेकंद तरी हवेत. म्हणजे ५० मीटरवरून नाव वाचता आलं पाहिजे. पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की दर १० फुटांच्या अंतराला १ इंच उंचीचं अक्षर आरामात वाचता येतं. ५० मीटर म्हणजे सुमारे १६४ फूट, म्हणजे अक्षर १६ इंचांच्या आसपास. मराठीत ही उंची मूळ अक्षराची धरा, वरच्या-खालच्या मात्रांची जागा वेगळी. म्हणजे ३ फूट उंचीच्या पाटीवर मोठं नाव एकच बसतं! मालकाचं नाव, तीन मोबाईल नंबर, 'आमच्याकडे मिळेल'ची यादी आणि देवाचा फोटो हे सगळं त्यात कोंबलं तर ५० मीटरवरून काहीच वाचता येणार नाही.

छापण्याआधी तपासायची एक फुकट युक्ती देते. १० फूट बाय ३ फूट पाटीचं डिझाईन पन्नासपट लहान करा, म्हणजे साधारण ६ सेंमी बाय १.८ सेंमी. कागदावर प्रिंट काढा, भिंतीला चिकटवा आणि एक मीटरवरून बघा. ५० मीटरवरून तुमची पाटी एवढीच दिसणार आहे. वाचता आली तर ऑर्डर द्या.

*दुसरी, कायद्याची.* महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणून इंग्रजी नावाभोवती डिझाईन करून मराठी खाली बारीक चिकटवायची पद्धत सोडा. सुरुवातच देवनागरीपासून करा.

खाण्याच्या पाकिटावर मात्र उलट गंमत आहे. केंद्राच्या अन्न लेबलिंगच्या नियमांनुसार आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी जोडीला देता येते, पण नुसती मराठी पुरत नाही. शिवाय घटक पदार्थ, निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवल्याची आणि वापरण्याची मुदत, बॅच नंबर, उत्पादकाचं नाव-पत्ता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक. या सगळ्याची जागा आधी आखा. उरलेल्या जागेत ब्रँड बसवा. लोगो आधी आणि माहिती नंतर केली की शेवटी वजन आणि तारीख कोपऱ्यात दाबली जातात, आणि हजार लेबलं पुन्हा छापायची पाळी येते.

*तिसरी, खिशाची.* चार रंगांचं लेबल परवडत नसेल तर एका रंगात चालेल असं डिझाईन करा. एका रंगात चांगला दिसणारा लोगो रबरी शिक्क्यावर, बिलावर, कापडी पिशवीवर सगळीकडे चालतो.

धडा ४: एक अक्षर नको, अख्खं कुटुंब बघा

फॉन्ट करणारा माणूस एकच सुंदर 'क' काढून थांबत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य तक्त्याला १२८ जागा आहेत, पण आपण लिहितो ती जोडाक्षरं शेकडो. क्ष, द्ध, ह्य, श्र, ट्र, र्त. प्रत्येक जोडी शोभली पाहिजे आणि शेजारच्या अक्षराशी पटली पाहिजे. 'एक टाईप'चा 'बलू' हा फॉन्ट तर देवनागरीसोबत गुजराती, तमिळ, बंगाली अशा अनेक भारतीय लिप्यांत आहे. प्रत्येक लिपीचं वळण वेगळं, तरी सगळ्या एकाच घरातल्या वाटतात. त्यांच्याच 'मुक्ता'मध्ये बारीक ते ठळक असे सात वजनांचे प्रकार आहेत.

तुमच्या धंद्यालाही असंच कुटुंब लागतं. पाटी, लेबल, बिल, पिशवी, व्हॉट्सॲपचा फोटो, गूगल मॅपवरचं नाव. या सहा ठिकाणी तेच नाव, त्याच शुद्धलेखनात, त्याच एक-दोन फॉन्टमध्ये आणि त्याच दोन-तीन रंगांत दिसलं की लहान दुकानही भरवशाचं वाटतं. शीर्षकाला एक फॉन्ट, बाकी मजकुराला एक. तिसरा घेऊ नका.

मराठीच्या बाबतीत छापण्याआधी या गोष्टी तपासा:

- जोडाक्षरं तुटली नाहीत ना? 'श्रद्धा', 'विद्या', 'स्वादिष्ट' यांत पाय मोडलेलं अक्षर सुटं दिसत असेल किंवा 'कि'ची वेलांटी 'क'च्या मागे गेली असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नाही. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाईप विभागात हा पर्याय सापडतो.
- 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' यांतला र नीट येतोय ना? हा खास मराठी प्रकार आहे आणि बरेच फॉन्ट इथेच गडबडतात.
- 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना? हिंदी वळण वेगळं असतं. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेचं वळण ठरवून दिलं आहे.
- 'ॲ' चौकोन होऊन दिसत नाही ना? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये ते नसतं.

आणि एक नेहमीची अडचण. तुम्ही मोबाईलवर मजकूर टाईप करून फ्लेक्सवाल्या दादांना पाठवता आणि ते म्हणतात, "हे आमच्याकडे उघडत नाही, परत टाईप करावं लागेल." याचं कारण, बऱ्याच दुकानांत अजून कृतिदेवसारखे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. त्यांत कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि वर फक्त मराठीचा चेहरा लावलेला असतो. परत टाईप करताना चुका शिरतात. त्यापेक्षा मुक्ता, बलू, हिंद, पॉपिन्स यांच्यापैकी एखादा युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून उतरवा आणि मजकुरासोबत त्यांना द्या. हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत. लोगो, लेबल, पाटी अशा धंद्याच्या कामालाही पैसे न देता वापरता येतात.

धडा ५: एकट्याने करू नका, पण ठरवायचं काम दुसऱ्यावर सोडू नका

र. कृ. प्रोग्रामर नव्हते. संगणकावरचं त्यांचं काम एनसीएसटीच्या संगणक तज्ज्ञांसोबत झालं. अक्षर कसं हवं हे त्यांना ठाऊक, ते यंत्रात कसं चालेल हे तज्ज्ञांना ठाऊक. दोघांनी एकमेकांची भाषा शिकून घेतली, म्हणून काम उभं राहिलं.

तुम्ही आणि तुमचा डिझायनर यांच्यातही हेच नातं हवं. तुमचा माल, तुमचं गिऱ्हाईक आणि तुमचा खिसा हे त्याला माहीत नाही. ते सांगणं तुमचं काम. एका पानावर एवढं लिहून द्या:

१. मी काय विकतो किंवा विकते, एका वाक्यात.
२. गिऱ्हाईक कोण? गावातलं रोजचं, एमआयडीसीतला कामगार, की रायगड बघायला आलेलं पुण्या-मुंबईचं कुटुंब?
३. डिझाईन कुठे कुठे वापरणार? मापांसह.
४. सगळ्यात आधी काय वाचलं गेलं पाहिजे? एकच गोष्ट.
५. कायद्याने काय काय लागतं, त्याची यादी.
६. मला आवडलेली तीन आणि न आवडलेली तीन उदाहरणं, कारणासह.
७. बजेट, तारीख, आणि किती वेळा बदल करून मिळतील.

डिझाईन समोर आल्यावर "मजा नाही आली" असं म्हणू नका. "नंबर नावापेक्षा आधी दिसतोय" किंवा "बारीक अक्षर आईला वाचता येत नाही" असं नेमकं सांगा. त्यावर डिझायनर काहीतरी करू शकतो. आणि पाच नातेवाइकांचं मत घेण्यापेक्षा दुकानासमोरून जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांना पाच सेकंद दाखवून विचारा, "काय वाचलंत?" उत्तर त्यातच मिळेल.

काम पूर्ण झालं की पैसे देताना तीन फाईल मागून घ्या. एक, बदल करता येईल अशी मूळ फाईल. दोन, प्रिंटची पीडीएफ, ज्यात अक्षरांचे कर्व्ह्ज केलेले असतील, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलणार नाही. तीन, व्हॉट्सॲप-फेसबुकसाठी साधं चित्र. मूळ फाईल देणार की नाही हे काम सुरू करण्याआधीच ठरवा, शेवटी वाद नको.

आणि या फाईल फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. जुलै २०२१ चा पूर आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. महाडच्या बाजारपेठेत दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली. पाटी, छापील लेबलं, कॉम्प्युटर, काहीही जाऊ शकतं. मूळ फाईल ईमेलवर किंवा ड्राईव्हवर असेल तर पाणी ओसरल्यावर पुण्यातूनही छपाई करून आणता येते आणि दुकान आपल्याच चेहऱ्याने पुन्हा उघडता येतं. फाईल गेली तर ओळख पहिल्यापासून बांधावी लागते. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

मग ॲप कोणतं?

आता या प्रश्नाला अर्थ आहे. नाव कानाने तपासलं, दहा चौकोन काढले, मर्यादा लिहिल्या, एक-दोन फॉन्ट ठरवले, पान भरून तयार आहे. आता साधं लेबल असेल तर कॅन्व्हावर स्वतः करा, तिथे युनिकोड मराठी चालते. पाटी किंवा पाकीट असेल तर डिझायनरकडे जा. दोन्हीकडे तुमचा वेळ आणि पैसा वाचणार, कारण काय हवंय ते तुम्हाला माहीत आहे.

र. कृं.च्या मंगलमध्ये लाखो लोकांनी अर्ज लिहिले, दाखले काढले, पत्रं पाठवली आणि फॉन्टकडे एकदाही लक्ष दिलं नाही. मजकूर वाचला आणि काम झालं. तुमच्या पाटीकडूनही एवढंच हवं आहे. गिऱ्हाईकाने ती वाचावी आणि आत यावं.

या आठवड्याचं काम: दहा चौकोनांचं पान आणि सात मुद्द्यांचं पान. दोन्ही करून फोटो कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही घेऊन आपण एकत्र सुधारूया. पुन्हा भेटू, तोपर्यंत धंदा जोरात चालू ठेवा!